शनवारीं तेल उतरलें त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. कुलस्वामिनी सर्वांस उबेंत ठेवो. शके सतराशें चौऱ्याण्णव, अंगिरानाम संवत्सर, पौषमास, डोंगरमाथ्यावरील राज्यांत जें वर्तलें तें येथें यथास्थित लिहिलें असे. वाचणारानें पदरचें घालूं नये.

प्रथम वंश सांगावा. मूळपुरुष बहिर्जीराव, हे थंडी वाजली कीं मुलूख मारावयास निघत आणि घाम आला म्हणजे तह करोन परतत. त्यांचे पुत्र हैबतराव, यांणीं स्वारीचा कंटाळा केला, आणि उबेसाठीं महालाचीं दारें जाळिलीं, मग खिडक्या जाळिल्या, आणि थंडी अधिकच शिरली तेव्हां ज्योतिष्यास बडतर्फ केलें. त्यांचे पुत्र सुभानराव, हे दोन म्हशींच्या मध्यें निजत आणि दरबारही तेथेंच भरवीत. यांस पुत्र नाहीं. कन्या आवडाबाईसाहेब, ती दहा पुत्रांस भारी. गादीवर बसतांच आज्ञा जाहली जे, "आमचे महालांत म्हशी नकोत. ऊब रीतसर पाहिजे." मग कारभारी विसाजीपंत यांणीं परमुलखींचे कारागीर आणोन चौकांत जमिनीखालीं लोखंडी टाकी पुरविली आणि तळघरीं भट्टी बसविली, टाकीचें तेल भट्टीस जावें, भट्टीनें पाणी तापावें, आणि तें पाणी तांब्याच्या नळ्यांतून दालनोदालनीं फिरावें ऐसी योजना केली. नित्य प्रातःकाळीं पंतांनीं टाकींत वेळूची काठी बुडवावी, तेल किती राहिलें तें पाहावें आणि तोंड वाईट करावें, ऐसा परिपाठ पडला. वैशाखांत पंत अर्ज करिते जाहले जे, "आईसाहेब, सांप्रत तेल स्वस्त आहे, टाकी भरोन ठेवावी. हिंवाळ्यांत भाव दुप्पट होतो." बाईसाहेब पंख्याचा वारा घेत होत्या. म्हणाल्या, "पंत, भर उन्हांत शेकोटी विकत घेणारे तुम्हीच पाहिले. सरबत घ्या." मग मार्गशीर्ष आला, भाव दुप्पट जाहला, आणि अर्धी टाकी भरितां खजिन्याचा तळ दिसला. तशांत बाईसाहेबांचे ध्यानीं आलें कीं नळ्या चांगल्या तापतात; मग त्यांवर पापड वाळविले, कुरडया वाळविल्या, आणि भर हिंवाळ्यांत वाळवण घालणारी भूमंडळीं आपण एकटी, या अभिमानें भट्टी अहोरात्र पेटती ठेविली. पंत म्हणाले, "एकेक पापड मोहरेस पडला." बाईसाहेब म्हणाल्या, "मग मोहरेसारखा जपोन खा."

बाईसाहेबांची एकुलती लेक मैनाबाई समुद्रकांठच्या राज्यीं दिली होती, तिला सातवा लागला. पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावें ही रीत. परंतु विहीणबाई म्हाळसाबाईसाहेब यांचा निरोप आला जे, "तुमचेकडे बरणींत लोणचें गोठतें म्हणोन ऐकितों. सून घेऊन स्वतां येतों; ऊब असली तर ठेवूं, नसली तर परत नेऊं." तेव्हांपासोन बाईसाहेबांस अन्न गोड लागेना. बाळंतपण सासरीं गेलें तर चहूं मुलखांत नाक कापलें जाईल हें एक. आणि लेक डोळ्यांसमोर हवी हें दुसरें, तें मात्र कोणास बोलिल्या नाहींत.

विहीणबाई यावयाच्या त्याच सकाळीं काठी कोरडी निघाली, भट्टीनें टाकीचे तळचा गाळ ओढिला, खोकली, आणि विझली. पंत कपाळास हात लावोन बसले तों वेशीवर घंटा वाजली आणि तेलाची गाडी आली. पंत धोतर सांवरीत धांवले, गाडीवान नळी उलगडूं लागला, आणि बाईसाहेब दारांत आडव्या उभ्या राहिल्या. "आज वार कोणता?" "शनवार, आईसाहेब." "आणि शनवारीं विकतचें तेल उंबऱ्याआंत घेतां? मग साडेसातीलाही पानसुपारी द्या, बसवा तिला पाळण्यापाशीं!" गाडीवान म्हणाला, "आईसाहेब, ह्ये डोईला लावायचं न्हवं, भट्टीला घालायचं हाय." "तेल तें तेल." "मंग त्याल आज घ्या, पैकं उद्या द्या." "उधारी हीसुद्धां खरेदीच." "मंग म्या निघतो. फिरून फेरी म्हैन्यानं!" पंतांनीं हातापायां पडोन त्यास वेशीवर घटकाभर थोपविलें.

इतक्यांत पालख्या आल्या. म्हाळसाबाईसाहेब शालींवर शाली घेवोन सदरेवर आल्या, नळीस हात लाविला आणि म्हणाल्या, "विहीणबाई, हीच का तुमची ऊब? पापड ओला आहे." "बाहेरून आलांत, म्हणोन गार लागतें." "बाहेर ऊन होतें." मैनाबाईस शिंक आली. "चल गे, पालखींत बैस." तेव्हां बाईसाहेबांचा तोल गेला. "न्या! लग्नांत वरातीच्या मशालींस आमचें तेल नेलेंत, तें अजून परत नाहीं. उधारीच्या उजेडांत नवरदेव मिरविणारांनीं आमच्या नळ्या चांचपूं नयेत!" हा टोमणा बाईसाहेब दर संक्रांतीस तिळगुळासोबत पाठवीत, समोर बोलण्याचा प्रसंग हा पहिला. म्हाळसाबाईसाहेब लाल जाहल्या, आणि सदरेवर तेवढीच काय ती ऊब. मग मैनाबाई हळूच म्हणाली, "आई, मला इथेंच राहायचें आहे. पापड ओले असले तरी."

म्हाळसाबाईसाहेबांनीं सुनेकडे पाहिलें, मग वेशीवरच्या गाडीकडे, आणि बोलिल्या जे, "शनवारीं विकत घेणें वर्ज्य. आपलें दिलेलें परत घेणें तर वर्ज्य नाहीं? तेल वेशीबाहेर मी खरेदीन, मशालींचें म्हणोन तुम्हांस देईन." "शनी तुमचे मागें लागेल." "आमची हवा खारी; आला तर गंजेल. मात्र फिटलें ऐसें चारचौघांत म्हणावें लागेल." बाईसाहेबांनीं मनांत तोलिलें: एकीकडे लेक, दुसरीकडे हा टोमणा, लोणच्यासारखा वर्षानुवर्षें मुरविलेला. आणि पंतांस म्हणाल्या, "पाहतां काय? टाकीचें झांकण काढा!" मग म्हाळसाबाईसाहेबांनीं हातचा तोडा गाडीवानास दिला, गाडी रिती जाहली, पंतांनीं भट्टीच्या नळींतला गाळ आणि कोंडलेला वारा तोंडानें ओढोन काढिला आणि सभेंत तेलाचे ढेकर दिले, भट्टी पेटली, आणि सायंकाळीं शालींवरच्या शाली एकेक करोन उतरल्या.

एवंच, तेल उन्हाळ्यांत घ्यावें, काठी रोज बुडवावी आणि तिचें ऐकावें, नळीवर पापड घालूं नयेत. बाळंतपण माहेरीं ठरलें. आणि आवडाबाईसाहेब भरल्या सदरेंत उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, छताकडे पाहिलें, आणि बोलिल्या जे, मशालींचें तेल थेंबन् थेंब फिटलें.