थोरली बंदच होईना!

"इंजिन बदलणं म्हणजे काय हो बाबा, चष्म्याची काच बदलण्यासारखं! जुनी काढायची, नवी बसवायची. फ्रेम तीच!"

जावईबापूंनी सासऱ्यांना हे छातीठोकपणे सांगितलं. जावईबापूंचं चष्म्याचं दुकान. मोठ्यात मोठं हत्यार म्हणजे तांदळाएवढे स्क्रू पिळायचा स्क्रूड्रायव्हर. पण आत्मविश्वास असा, की आगबोटीचं इंजिनसुद्धा दुपारच्या सुट्टीत बदलून देतील!

गाडी सासऱ्यांची. एकोणचाळीस वर्षांपूर्वी ती नवीकोरी घरात आली आणि सासूबाई तिच्यानंतर वर्षभराने आल्या. म्हणून सासूबाई तिला 'थोरली' म्हणत. "थोरलीची आंघोळ झाली असेल तर जरा धाकटीकडेही बघा!" हे त्या घरातलं सुट्टीच्या दिवशीचं ठरलेलं वाक्य. पण थोरलीच्या पेट्रोल इंजिनाने मान टाकली आणि सासऱ्यांचं फिरणंच संपलं. रोज संध्याकाळी ते अंगणात उभ्या असलेल्या गाडीत स्टिअरिंगमागे बसून पेपर वाचत. भंगारवाला तर दोनदा येऊन टायर दाबून गेला.

"अरे, बाबांना असं बसलेलं मला बघवत नाही. काहीतरी कर ना!" बायको म्हणाली.

आता बायकोने गळ घातल्यावर माणूस मागे हटेल कसा? शिवाय लग्नाला सहा वर्षं झाली तरी सासरे "या, बसा, पाणी घ्या" यापुढे जावयाशी कधी बोलले नव्हते. या इंजिनाने गाडीही चालेल आणि संभाषणही, असा जावईबापूंचा हिशेब होता.

एका चेपलेल्या दूधगाडीचं डिझेल इंजिन मिळालं, थोरलीपेक्षा वीस वर्षांनी तरुण. जोडीला मिस्त्री मिळाला. त्याचा सगळा जन्म पेट्रोलच्या गाड्यांत गेलेला. "डिझेल काय नि पेट्रोल काय, साहेब! शेवटी दोघांचा धूरच होतो!" हे त्याचं यंत्रशास्त्र.

सहा आठवडे अंगणात ठोकाठोक चालली. इंजिन चार बोटं लांब निघालं, तेव्हा रेडिएटर पुढे सरकवला. मग बोनेट बसेना, तेव्हा बोनेटला टेंगूळ काढलं. आणि रोज हात पुसता पुसता जावईबापू सासऱ्यांना ज्ञान देत.

"बाबा, डिझेलला स्पार्क प्लगच नसतो बरं का! नुसत्या दाबाने पेटतं!"

"असं का? वा!" म्हणून सासरे पेपरचं पान उलटत.

शेवटच्या दिवशी सगळं बसलं आणि काळ्या मुठीची एक लांब केबल तेवढी उरली.

"मिस्त्री, ही कसली?"

"दूधगाडीची ना ती? मग दुधाचीच असणार काहीतरी!"

"काम असं पाहिजे मिस्त्री, की सामान उरलं पाहिजे!" जावईबापू खूश होऊन म्हणाले. मिस्त्रीने केबल घरी नेली आणि त्याच्या बायकोने तिच्यावर कपडे वाळत घातले.

सुट्टीच्या दिवशी सकाळी गल्ली जमली. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून आले. किल्ली फिरवली. थोरली खोकली, शिंकली, काळा ढग सोडला आणि... धडधडधडधड! टाळ्या पडल्या. सासऱ्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. जावईबापूंचेही डोळे भरून आले, पण ते धुराने.

"आता बंद करा बाबा, ऑइल बघून घेऊ!"

सासऱ्यांनी किल्ली उलटी फिरवली. धडधडधड! किल्ली काढून हातात घेतली. धडधडधड! मिस्त्रीने धावत जाऊन बॅटरीची वायर उपसली. थोरलीला तिचीही गरज नव्हती!

"अहो साहेब, हिला किल्ली नको, बॅटरी नको, मग हिला पाहिजे काय?"

"डिझेल!" जावईबापू मटकन पायरीवर बसले. ठिणगीच नाही, तर किल्ली तोडणार काय? डिझेल संपेल तेव्हाच ही बंद व्हायची. आणि टाकी त्यांनीच कौतुकाने काठोकाठ भरली होती!

एवढ्यात वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून दातांचे डॉक्टर ओरडले, "काय भूकंप आहे का खाली? माझं ड्रिल शेजारच्या दातावर चाललंय!"

"लोकांना त्रास नको. मी एक फेरी मारून येतो," सासरे शांतपणे म्हणाले.

"मग मीही येणार! तिच्याबरोबर तुम्हाला एकट्याला सोडणार नाही!" म्हणत सासूबाई पुढच्या सीटवर जाऊन बसल्यासुद्धा.

गाडी निघाली. मागून स्कूटरवर मिस्त्री आणि त्याच्या पाठीला चिकटलेले जावईबापू. "आईबाबांना काही झालं तर बघ हं!" ही बायकोची धमकी कानात. मिस्त्रीने चौकात थांबून एका ट्रकवाल्या मेकॅनिकला फोन लावला. पलीकडचा माणूस आधी पोट धरून हसला.

"अरे बाबा, काळ्या मुठीची केबल असते, ती ओढली की इंजिन बंद! लावली नसेल तर बोनेट उघडून इंजिनाच्या डिझेल पंपावरची दांडी हाताने ओढा!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मिस्त्रीने स्कूटरला किक मारली.

"बाबा, थांबाऽऽ! बोनेट उघडायचंय!" जावईबापू स्कूटरवरून ओरडले.

"काय? ऐकू येत नाही!" सासऱ्यांनी हात हलवला आणि वळण घेतलं.

"मग ब्रेक दाबून क्लच सोडा, बंद पडेल!"

हे मात्र लख्ख ऐकू आलं. "एकोणचाळीस वर्षांत माझ्या हातून गाडी बंद पडलेली नाही!"

एक फेरी झाली, दोन झाल्या. तिसऱ्या फेरीत मागच्या सीटवर डॉक्टरांचा पेशंटही दिसला, गालात कापूस धरून मजेत बाहेर बघत असलेला! जावईबापूंनी भरलेल्या टाकीचा हिशेब केला. उद्या संध्याकाळपर्यंत ही वरात अशीच फिरणार!

दीड तासाने थोरली आपणहून अंगणात आली. सासरे उतरले, बोनेट उघडलं, एक बोट आत घातलं आणि टक्! गल्ली शांत झाली.

"बाबा... तुम्हाला कसं कळलं?"

"न कळायला काय झालं?" सासूबाई गाडीच्या खिडकीतून म्हणाल्या. "पाणीपुरवठ्याच्या पंपावर तेहतीस वर्षं डिझेल इंजिनंच सांभाळली त्यांनी!"

जावईबापूंना आपली सहा आठवड्यांची व्याख्यानं एका दमात आठवली. कान लाल झाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतकं छान समजावून सांगत होता!"

"पण आज तरी लगेच बंद करायची!"

सासऱ्यांनी बोनेटच्या टेंगळावरून हळूच हात फिरवला. "सात महिन्यांनी सुरू झाली होती हो. बंद करवेना." मग जावयाकडे न बघताच म्हणाले, "चला, एक फेरी तुम्हालाही मारून आणतो. तुम्ही आणलीत तिला परत."

जावईबापू नुसते तरंगले! मिस्त्रीने बॅटरीची वायर जोडली, आणि जावईबापू ऐटीत पुढच्या दाराशी गेले. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"मागे बसा," त्या म्हणाल्या.

ते निमूटपणे मागे पेशंटशेजारी बसले. थोरली धडधडत गल्लीबाहेर पडली. पेशंटने गालातला कापूस सावरत विचारलं, "डिझेल इंजिन म्हणजे नेमकं कसं चालतं हो?"

जावईबापूंनी तोंड उघडलं. मग मिटलं.

"बाबांना विचारा."