थेंब काय म्हणाला

तीन नंबरच्या वॉर्डात शुगर तपासायला बोट टोचलं की रक्ताचा थेंब मशीनला आकडा देण्याआधी एक वाक्य बोलत असे. सिस्टर आकडा आकड्याच्या रकान्यात लिहीत आणि वाक्य शेऱ्याच्या. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. वाटलं ते फक्त शालनताईंना, आणि तेही थेंब बोलतो म्हणून नव्हे, तर कुणाशी बोलतो म्हणून.

त्यांचे यजमान सोपानराव मांडीचं हाड मोडून अकरा नंबरच्या कॉटवर पडले होते. तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेला माणूस, पण घरात तोंडाला कुलूप. चौतीस वर्षांचा संसार त्यांनी ‘हं’ आणि ‘काही नाही’ एवढ्यावर भागवला होता. आणि इथे वाघमारे सिस्टरांनी दिवसातून चार वेळा बोट हातात घेतलं की त्यांचा थेंब मोकळेपणाने बोलायचा.

सोमवारी तो म्हणाला, “मला लहानपणी तबला शिकायचा होता.” शालनताईंच्या हातातला चमचा डब्यात तसाच राहिला. मंगळवारी म्हणाला, “सिस्टर, तुमचा हात उबदार आहे.” बुधवारी तर कहर झाला. “भरीत आमच्या शालनसारखं कुणाला जमत नाही,” थेंब म्हणाला, आणि तेसुद्धा सिस्टरांना! शालनताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. कौतुक त्यांचं होतं, पण पोचलं भलत्याच पत्त्यावर.

त्या तडक डॉक्टरांकडे गेल्या.

“डॉक्टरसाहेब, ह्यांना शुगर आहे का हो?”

“नाही.”

“मग चार-चार वेळा बोट कशाला टोचताय?”

डॉक्टरांनी कागद चाळले. भरती झाली त्या दिवशी कुणीतरी ‘शुगर, चार वेळा’ असं लिहून ठेवलं होतं. पुढच्या प्रत्येकाने आदल्या दिवसाचं बघून तेच उतरवलं होतं. आकडे सगळे नव्वद ते एकशे दहा.

“तुमचं बरोबर आहे,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी ती ओळ खोडली. दुपारी आदेशही निघाला: गरज नसताना कुणालाही टोचू नये. अर्ध्या वॉर्डाची बोटं सुटली आणि वॉर्डात शांतता पसरली.

शालनताई जिंकलेल्या चेहऱ्याने स्टुलावर बसल्या. नवऱ्याचा हात त्यांनी स्वतः हातात घेतला.

“अहो, ते तबल्याचं काय म्हणत होतात?”

“काही नाही,” सोपानराव म्हणाले आणि भिंतीकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी शालनताईंना राहवेना. “सिस्टर, एकदाच टोचा की ह्यांना.”

“आदेश आहे ताई. तुम्हीच तर आणलात.”

“मग मला टोचा!”

“असं कसं टोचू? तुम्हाला काही त्रास होतो का?”

“तहान भागत नाही. रात्रीतून पाचदा उठावं लागतं. वर्ष झालं असेल.”

“आणि कुणाला सांगितलं नाहीत?”

“विचारलं कुणी?”

सिस्टरांनी त्यांचं बोट हातात घेतलं. हात खरंच उबदार होता, हे शालनताईंना नाइलाजाने मान्य करावं लागलं. थेंब आला. “सिस्टर, मी फार दमलेय हो,” तो म्हणाला. मशीनवर आकडा आला, तीनशे बारा.

सोपानरावांनी भिंतीकडून मान वळवली.

“हे मला कधी बोलली नाहीस,” ते म्हणाले. एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून शालनताईंनी प्रथमच ऐकलं.

शालनताईंना शेजारची बारा नंबरची कॉट मिळाली. त्यांची तपासणी दिवसातून चार वेळा ठरली आणि ती गरजेची असल्याने आदेशात बसत होती. सोपानरावांनी अर्ज केला की पत्नीचं बोट धरण्याचं काम आपल्याकडे द्यावं. नातेवाइकांना मशीन हाताळता येत नाही, या कारणाने तो नामंजूर झाला.

चार वाजता वाघमारे सिस्टर आल्या. सोपानरावांनी प्लास्टरमधला पाय सांभाळत जमेल तेवढी मान पुढे काढली. त्यांचा चेहरा आंबट झाला होता. शालनताईंनी थेंबापुढे पदर आडवा धरला. थेंब काहीतरी बोलला, सिस्टर हसल्या आणि त्यांनी शेरा लिहिला.

“अगं, काय म्हणाला?” सोपानरावांनी विचारलं.

“काही नाही,” शालनताई म्हणाल्या आणि त्यांनी बोटावर कापूस दाबून धरला.