ठिपकीच्या टरफलाचा निकाल

“ताई, कोंबडी निवडायला माया लागत नाही, कॅल्शियम लागतं!” मास्तरांनी ठणकावून सांगितलं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला थोरल्या बहिणीपुढे ज्ञान पाजळायची संधी रोज थोडीच मिळते!

ताई लेकीकडे कायमची राहायला निघाली होती. जावयाने गच्चीवर एकच कोंबडी मंजूर केली होती, तीही नोकरीच्या मुलाखतीइतके प्रश्न विचारून. ताईकडे कोंबड्या दोन. ठिपकी तिच्या मागेमागे न्हाणीघराच्या दारापर्यंत जायची. काळी आपली कोपऱ्यात.

“ठिपकीलाच नेऊ ना रे?”

“आधी दोघींच्या अंड्यांची टरफलं दे. जिच्या टरफलात कॅल्शियम कार्बोनेट जास्त, ती खणखणीत. तीच न्यायची.”

“आणि काळी निघाली तर?”

“विज्ञानात वशिला चालत नाही, ताई!”

प्रयोगशाळेत मास्तरांनी टरफलांच्या आतली पातळ साल सोलली, वाळवून भुकटी केली, सारखी तोलली आणि सारख्याच आम्लात टाकली. फसफस झाली. टरफल आपल्या वाट्याचं आम्ल खातं. उरलेलं किती, ते ब्यूरेटमधून थेंब थेंब अल्कली सोडून मोजायचं. द्रावण गुलाबी झालं की थांबायचं.

ठिपकीचं चटकन गुलाबी झालं. काळीचं मात्र फुकटचा चहा मिळाल्यासारखं अल्कली पीतच राहिलं!

“काळी!” मास्तरांनी तिथूनच फोन लावला. “ठिपकी अगदीच किरकोळ निघाली.”

“नीट बघितलंस ना?”

“ताई, हेच शिकवून पोट भरतो मी!”

ताईने ठिपकीला समोरच्या शिंपिणीच्या हातात दिलं, काळीला टोपलीत घातलं आणि गाडीत बसली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

पुढे काही दिवसांनी मास्तर वर्गात हाच प्रयोग शिकवत होते. “अल्कली कमी लागली, म्हणजे आम्ल कमी उरलं. आम्ल कमी उरलं, म्हणजे टरफलाने जास्त खाल्लं. म्हणजे त्यात कॅल्शियम...”

खडू तुटला.

“जास्त!” अख्खा वर्ग ओरडला. नको तेव्हाच पोरांचं लक्ष असतं!

मास्तर तडक शिंपिणीकडे.

“परत न्यायचीय? अहो मास्तर, ती अंड्यांवर खुडूक बसलीय! आता उठवलीत तर पिल्लं हाती लागायची नाहीत. आणि काय तिची अंडी! काठावर आपटलं तर तव्यालाच पोचा पडायचा! असली गुणी कोंबडी सोडलीत तरी कशी?”

ठिपकीने एक डोळा उघडून मास्तरांकडे पाहिलं आणि मिटून घेतला.

संध्याकाळी त्यांनी फोन केला. “ताई, निकाल उलटा लावला गं मी. ठिपकीच सरस होती.”



“आणतोस तिला?”

“खुडूक बसलीय.”

“मग नको उठवूस.” ताई म्हणाली. “मला कॅल्शियमचं काय लोणचं घालायचं होतं रे? ‘ठिपकीला घेऊन जा’ एवढं तू म्हणायला हवं होतंस. जावयाने ‘हीच का?’ विचारलं तर सांगता आलं असतं, माझा भाऊ म्हणाला म्हणून आणली.”

मास्तर काहीतरी समजुतीचं बोलणार, तोच पलीकडून फडफड, भांड्यांचा खणखणाट आणि कुणाची तरी आरोळी ऐकू आली.

“ठेव फोन!” ताई किंचाळली. “तुझं कॅल्शियम जावयाच्या डोक्यावर बसलंय!”