भोये सर जागा बघतात

कॅम्पसाठी जागा बघायला गेलेला माणूस आधी काय करील? मोबाईल काढील आणि पाण्याचे दहा फोटो घेईल. आमचे भोये सर पाण्याकडे पाठ फिरवतात, चप्पल काढून नीट बाजूला ठेवतात आणि इस्त्रीच्या पँटसकट जमिनीवर उताणे पडतात. डोळे मिटलेले, हात पोटावर. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, माणसाला चक्कर आली असं समजून तंबूवाला साखरपाणी घेऊन धावत आला होता. सरांनी एक डोळा उघडला आणि त्याला विचारलं, "नळ हितून किती पावलं?"

भोये सर आमच्या नाशिकच्या शाळेत गणित शिकवतात, मी मराठी. दर जानेवारीत आम्ही शिक्षक घरच्यांना घेऊन दोन रात्री कुठंतरी तंबूत राहायला जातो. त्यानं स्टाफमध्ये एकोपा वाढतो असं मुख्याध्यापकांचं मत आहे. एकोप्याचं मला माहीत नाही, पण जागा ठरवताना होणारी भांडणं मात्र बघण्यासारखी असतात. कुणाला डोंगर हवा, कुणाला धरण, कुणाला फोटोला सूर्यास्त. शेवटी कंटाळून सगळे म्हणाले, भोये सर एकटेच काही मागत नाहीत, त्यांनाच जागा बघू द्या.

तिथं आम्ही फसलो. सर टाचेनं माती उकरून बघतात. झाडाच्या फांद्या कुठल्या अंगाला कलल्यात ते बघून वारा कुठून येतो ते सांगतात. कोरड्या ओहळात उभे राहून वर डोंगराकडे संशयानं पाहतात. रात्री बायका कुठं जातील, वाटेत उजेड आहे का, हे तंबूवाल्याला असं विचारतात की तो बिचारा घाम पुसायला लागतो. आणि एवढं करून दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये म्हणतात, "बघायला ठीक हाय." हा त्यांचा नापासाचा शेरा. त्या शेऱ्यात इगतपुरीकडची तीन धरणं गेली.

एका वर्षी आम्ही वैतागून बंड केलं. मोबाईलवरचा फोटो बघून डोंगरमाथ्यावरची एक जागा परस्पर ठरवली. खाली धुकं, वर आम्ही, असा तो फोटो. जागा खरंच सुंदर होती, फक्त उतरती होती. पहाटे जाग आली तेव्हा आम्ही पाचही जणी घरंगळत तंबूच्या खालच्या कोपऱ्यात जमलो होतो, आणि सगळ्यांच्या खाली विज्ञानाच्या जोशी मॅडम होत्या. भोये सर एका खडकाच्या आडोशाला गाढ झोपले होते. उठल्यावर त्यांनी सगळ्यांना चहा करून दिला. 'मी म्हणत नव्हतो?' असं एकदाही म्हणाले नाहीत. त्याचाच आम्हाला जास्त राग आला.

मागच्या वर्षी जागा बघायला मी आणि पीटीचे शिंदे सर त्यांच्याबरोबर गेलो होतो. घोटीला चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, "सर, हे सगळं शिकलात कुठं?"

"मॅडम, मी बारा वर्षं कॅम्पिंग केलंय," सर म्हणाले. शिंदे सर हसले. भोये सर हसले नाहीत.

त्यांचं गाव सुरगाण्याकडं. दिवाळी झाली की आई, वडील आणि तिघं भावंडं जीपनं निघायची, ती दिंडोरीच्या बाजूला द्राक्षाच्या बागांवर. होळीला परत. तोवर मुक्काम पालात, म्हणजे चार काठ्या आणि वर प्लास्टिकचा कागद. "मालक बोट दाखवायचा. तिकडं टाका. तिकडं म्हणजे उकिरड्याच्या कडंला, नायतर पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं. मग त्यातल्या त्यात बरी जागा कुठली, ते आई आडवी होऊन बघायची. डोळ्यावर जाऊ नको म्हणायची, पाठीला विचार."

शिंदे सरांनी कप खाली ठेवला. मी आई कशा आहेत ते विचारलं.

आई सरांकडेच, पेठ रोडच्या फ्लॅटमध्ये राहतात. कॅम्पला चला, म्हणून सर चार वर्षं त्यांच्या मागे लागले होते. आई एकच उत्तर द्यायच्या, "पालात राहाया कुणी हौसंनं जातं का?" तरी सर हटले नाहीत. जागा बघून आले की रात्री जेवताना त्यांना सगळं सांगायचे. आई पाणी विचारायच्या, वारा विचारायच्या, जमीन विचारायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "बघायला ठीक हाय." म्हणजे तो शेरा सरांचा नव्हताच. चार वर्षं आमच्या अख्ख्या स्टाफची सहल एक निरक्षर म्हातारी दुसऱ्या मजल्यावर बसून नापास करत होती, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

"पण एवढा आग्रह का?" मी म्हटलं.

सरांनी बशी बाजूला सारली. "तिनं जन्मात कधी जागा निवडली नाय, मॅडम. एकदा तरी तिनं बोट दाखवावं. हितं टाका म्हणावं. गुडघे गेलेत तिचे, आता किती वर्षं हिंडणार?"

आम्ही दोघांनी हे स्टाफरूममध्ये सांगितलं, त्यानंतर तिथं जागेवरून कुणी भांडलं नाही.

यंदा आई हो म्हणाल्या. "तू दरसाल मातीत लोळून कपडे खराब करतो, त्यापेक्षा एकदा येऊन जाते," एवढंच कारण त्यांनी दिलं. सरांनी वैतरणेच्या पाण्याकाठची जागा पक्की केली. एका मोठ्या आंब्याखालची सपाट जमीन त्यांनी आईसाठी मनात धरली होती. तिथं ते चार वेळा आडवे होऊन आल्याचं शिंदे सरांनी मला सांगितलं.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आई बसमधून उतरल्या. लुगडं, पायात मोजे, काखेत गाठोडं. तंबूवाल्याचा माणूस पुढं आला आणि बोट दाखवून म्हणाला, "आजी, तुमचा तंबू तो, कडेचा."

आई लगेच निघाल्या. विचारणं नाही, बघणं नाही, त्या बोटाच्या दिशेनं सरळ चालू लागल्या. सरांनी धावत जाऊन गाठोडं धरलं.

"आई, थांब. तो म्हणतो म्हणून नको जाऊ. तू सांग कुठं टाकायचा."

"मी काय सांगू? जागा त्यांची."

"तू सांग."

आम्ही वीसेक जण बॅगा घेऊन उभे होतो. सर आंब्याकडे बघत नव्हते, मुद्दाम दुसरीकडे बघत होते. आई आधी गोंधळल्या. मग हळूहळू चालत आंब्यापाशी गेल्या, टाचेनं माती उकरली आणि पुढं निघाल्या. पार खाली, पाण्याच्या काठाला गेल्या. तिथं जमीन उतरती, सगळे दगड, वारा थेट अंगावर. समोर मात्र पाणी, पलीकडं डोंगर आणि त्यावर कललेलं ऊन.

"हितं," आई म्हणाल्या.

"अहो, इथं तर..." शिंदे सरांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या दंडाला चिमटा काढला.

भोये सर गुडघ्यावर बसून दगड वेचायला लागले. मग आम्हीही बसलो. जोशी मॅडम, मुख्याध्यापक, सगळेच. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. लपवून काय करायचं होतं, निम्म्या स्टाफचे डोळे ओले होते.

आई पाण्याकडं बघत उभ्या होत्या. मागं न वळताच त्यांनी विचारलं, "हितून कुणी उठवाया नाय ना येणार?"

सरांच्या हातातला दगड हातातच राहिला. "दोन रात्री तरी नाय, आई."

"दोन रात्री लय झाल्या," आई म्हणाल्या आणि गाठोडं खाली ठेवून, पाण्याकडं पाय पसरून बसल्या.