शोकेसमधली झोप

दुकानाच्या काचेत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत झोपायचं, ही अक्कल गादीवाल्यांची नव्हती. (स्वतःच्या अकलेने त्यांनी आयुष्यात दोनच गोष्टी केल्या, लग्न आणि गाद्यांचं दुकान. त्यातलं लग्नसुद्धा आपल्या मामांनी जमवलं, असं त्यांची बायको म्हणते.) अक्कल होती मेहुण्याची.

मेहुणा एका जाहिरात कंपनीत होता. दर रविवारी बहिणीकडे जेवायला यायचा आणि जेवण झालं की भाऊजींच्या धंद्याची तपासणी करायचा.

"भाऊजी, तुमचा प्रॉब्लेम सांगू? तुमचा माल चांगला आहे, पण ते कोणाला माहीतच नाही."

"म्हणजे माल वाईट असता आणि सगळ्यांना माहीत असता, तर बरं झालं असतं?"

"धंदा तरी झाला असता," मेहुणा बडीशेप चघळत म्हणाला.

त्याच्या सांगण्यावरून जाहिरातीचे दोन प्रयोग आधीच होऊन गेले होते. पहिल्यांदा पत्रकं छापून ती वर्तमानपत्रात घालून वाटली. आठवडाभराने गादीवाले बाजारात गेले, तर भाजीवालीने त्यांना मिरच्या त्यांच्याच पत्रकात बांधून दिल्या. मग टेम्पोवर भोंगा बांधला. "शांत झोप हवी आहे?" असं ओरडत तो टेम्पो ऐन दुपारी गल्लीबोळातून फिरला. शांत झोप हवी असलेली बरीच माणसं त्या दिवशी दुकानावर चालून आली, पण गादी विकत घ्यायला नव्हे. एक निवृत्त हेडमास्तर तर बनियनवर आले होते. त्यांनी गादीवाल्यांना सर्वांसमक्ष उभं करून झाडलं.

तरीही या रविवारी गादीवाले मेहुण्याचं मुकाट ऐकत होते, कारण पाणी गळ्याशी आलं होतं. हमरस्त्यावर गाद्यांची एक चकचकीत शोरूम उघडली होती. आत एसी, दारात हसणारी मुलगी. गादीवाल्यांच्या दारात हसायला कोणी नव्हतं आणि आत हसण्यासारखं काही नव्हतं. एकच आशा उरली होती. मागच्या रस्त्याला मुलींचं नवीन वसतिगृह बांधून होत आलं होतं आणि तिथल्या सगळ्या खोल्यांना गाद्या लागणार होत्या. रेक्टरबाईंची शोरूम पाहून झाली होती आणि गुरुवारी दुपारी त्या गादीवाल्यांकडे येणार होत्या. ती ऑर्डर मिळाली तर दुकान तरणार होतं. नाही मिळाली, तर दुकानाला कुलूप लावून मेहुण्याच्या ऑफिसात त्याच्या हाताखाली कामाला लागायचं. (मेहुण्याने खुर्चीसुद्धा हेरून ठेवली होती, वॉटर कूलरशेजारची. येताजाता माणसं म्हणणार, हे साहेबांचे भाऊजी, जरा ग्लास द्या.)

"लाइव्ह डेमो!" मेहुणा म्हणाला. "गुरुवारी दुपारी तुम्ही शोकेसमध्ये झोपायचं. काचेवर पाटी, 'मालक स्वतः याच गादीवर झोपतात.' रेक्टरबाई येतील, बघतील आणि विषय संपला."

हे ऐकून गादीवाल्यांच्या बायकोला चहाचा असा ठसका लागला की मेहुण्याला तिची पाठ चोळावी लागली.

बिचारीला ठसका न लागून कसं चालेल? गादीवाले गादीवर झोपतच नसत. म्हणजे अंग टाकायचे गादीवरच, त्यात खोट नव्हती. पण झोप गाढ झाली की आधी एक पाय खाली यायचा, मग दुसरा, मग उरलेले गादीवाले ओघळायचे, आणि सकाळी पाहावं तर स्वारी उघड्या फरशीवर, हाताची उशी करून, तोंड उघडं टाकून घोरत पडलेली. घोरणंही साधंसुधं नाही. सुरुवातीला कोणी जड कपाट सरकवतंय असं वाटे, मग ते कपाट जिन्यावरून खाली येई. लग्न झाल्यापासून त्या माउलीला सलग झोप ठाऊक नव्हती. पोस्टाच्या काउंटरवर तिकिटं देताना ती इतक्या जांभया द्यायची, की रांगेतली माणसंही जांभया देत पुढे सरकायची.

भाऊ गेल्यावर ती म्हणाली, "अहो, सांगून टाका त्याला खरं काय ते."

"काय सांगू? गादीवाला जमिनीवर झोपतो म्हणून सांगू?"

"मग काचेत काय करणार आहात?"

"अगं, दिवसा नाही गं होत तसं. शिवाय मी खरा थोडाच झोपणार आहे? नुसते डोळे मिटून पडायचं."

"तुम्ही? नुसते डोळे मिटून?" बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली. "न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झाली की घोरता तुम्ही. त्या दिवशी तो उरलेली अर्धी करायला कचरत होता."

पण संसार दोघांचा होता. शेवटी असं ठरलं की गुरुवारी तिने अर्धी रजा टाकायची आणि शोकेसच्या मागच्या पडद्याआड पडदे लावायची लांब काठी घेऊन बसायचं. नवऱ्याचा पाय खाली येताना दिसला की मागून एक ढोसणी द्यायची.

इकडे शोकेस सजू लागली. शेजारच्या फरशीवाल्याने तिथे पांढरीशुभ्र फरशी स्वस्तात बसवून दिली. त्याचं मागणं एवढंच होतं.

"शेठ, एका कोपऱ्यात माझी इवलीशी पाटी राहू द्या. फरशी आमच्याकडची म्हणून."

"छे, छे! ही गादीची जाहिरात आहे," गादीवाले ताठ्यात म्हणाले. "फरशीकडे बघायला कोण येणार आहे?"

फरशीवाला मान डोलावून आपल्या दुकानात गेला. तो न बोलणारा माणूस होता आणि असल्या माणसांपासून जपून राहायचं असतं, हे गादीवाल्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

गुरुवार उजाडला. दुपारी घडी न मोडलेला नवा पायजमा घालून गादीवाले काचेत शिरले. बाहेर मेहुणा मोबाइलवर शूटिंग करत उभा राहिला. बघता बघता गर्दी जमली. (फुकट काहीही दाखवा, गर्दी जमते, मग ते झोपलेले गादीवाले का असेनात.) गादीवाले डोळे मिटून ऐकत होते.

"मेलाबिला नाही ना?"

"छे, पोट हलतंय की."

"हां, ते पोट होय! मला वाटलं, नमुना म्हणून दुसरी गादी ठेवलीय."

गादीवाल्यांनी मनावर ताबा ठेवला. वसतिगृहाच्या खोल्या डोळ्यांपुढे आणल्या. एकेका खोलीत आपल्या गाद्या मांडायला सुरुवात केली. काचेतून उबदार ऊन पायांवर येत होतं, डोक्यावर पंखा संथ फिरत होता, आणि तिसऱ्या की चौथ्या खोलीत गादी मांडता मांडता तेच तिच्यावर आडवे झाले.

जाग आली तेव्हा गालाला काहीतरी गार लागत होतं. ती फरशी होती. नाकासमोर दोन पायांत भक्कम काळ्या चपला होत्या. गादीवाल्यांनी हळूहळू नजर वर नेली. चपलांच्या वर कडक इस्त्रीची साडी होती, साडीच्या वर चष्मा होता. रेक्टरबाई! वॉटर कूलरशेजारची ती खुर्ची त्यांना लख्ख दिसली.

"मॅडम, ते... माझी पाठ... डॉक्टरांनीच..."

"श्शू!" रेक्टरबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "झोपा परत."

"अं?"

"झोपा म्हणते ना! आणि मघासारखं घोरा."

गादीवाल्यांना वाटलं, आपण अजून स्वप्नातच आहोत. रेक्टरबाईंनी बोटाने वर दाखवलं. गादीवाल्यांनी मान वळवली. गादीवर त्यांची बायको झोपली होती. एका कुशीवर, हाताखाली ती पडद्याची काठी, आणि चेहरा इतका निवांत, की गादीवाल्यांनी तिला असं कधी पाहिलंच नव्हतं.

मधल्या वेळात काय घडलं, ते त्यांना नंतर मेहुण्याच्या मोबाइलवर पाहायला मिळालं. एक पाय खाली आला, काठी आली, पाय वर गेला. परत पाय, परत काठी. मग काठीला न जुमानता अख्खे गादीवाले खाली आले आणि गर्दीने "अर्रर्र!" केलं. बायको पडदा सारून धावत आली, काखेत हात घालून तिने नवऱ्याला ओढून पाहिलं. "पायाकडून उचला, वहिनी," असा बाहेरून फरशीवाल्याचा सल्लाही आला. पण ते धूड कसलं हलतंय? दम लागला म्हणून ती गादीच्या कडेला टेकली. मग जरा पाठ टेकली. बस्स, एवढंच झालं. मेहुणा बाहेरून हातवारे करत राहिला, नवरा खाली कपाटं सरकवत राहिला, आणि ती ढाराढूर झोपली.

(ज्या गादीवर ती झोपली तशी गादी तिने घरी कधी पाहिलीच नव्हती. दुकानातला माल घरी न्यायचा नाही, असं गादीवाल्यांचं तत्त्व होतं. घरात अजून लग्नातलीच गादी होती आणि तिच्या मधोमध आता चांगलाच खड्डा पडला होता.)

"घोरताय ना?" रेक्टरबाईंनी दरडावलं.

गादीवाल्यांनी डोळे मिटून घोरायचा प्रयत्न केला. जागेपणी कधी घोरले नव्हते, त्यामुळे आवाज शेळीसारखा आला.

"हे नव्हे. मघाचं."

"मॅडम, ते मुद्दाम नाही हो जमत."

"राहू दे, मघाशी ऐकलंय मी पुरेसं," रेक्टरबाई म्हणाल्या. "माझ्या वसतिगृहाच्या एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला गॅरेज. वर मुलींच्या गप्पा. मी त्या शोरूममध्ये गेले, तर तिथे मला स्प्रिंगा मोजून दाखवल्या. इथे मी डोळ्यांनी बघतेय. असला आवाज कानाशी चाललेला असताना ज्या गादीवर माणूस झोपू शकतो, ती गादी मला हवी. सगळ्या खोल्यांना."

गादीवाले फरशीवरच बसून राहिले. त्यांना एकदम रडू आल्यासारखं झालं आणि हसूही आलं. दुकान वाचलं होतं. बायकोला उठवून सांगावं म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. तिला झोपू दे, असं मनाशी म्हणाले. पंख्याचा वेग थोडा कमी केला, स्वतः पडदा ओढून घेतला आणि दारात स्टूल टाकून, कोणी मोठ्याने बोललं की त्याला गप्प करत बसले.

ती उठली तेव्हा दिवे लागले होते.

"अगं बाई, डोळाच लागला! ऑर्डरचं काय झालं?"

"मिळाली."

"कशी काय? तुम्ही तर खाली पडला होतात!"

"तू वर होतीस म्हणून मिळाली," गादीवाले म्हणाले, आणि हे मात्र त्यांनी अगदी मनापासून म्हटलं.

बायकोने एवढंच केलं. टेम्पो बोलावला आणि ती शोकेसमधली गादी त्याच दिवशी घरी नेली. तत्त्वाबद्दल तिने काही विचारलं नाही आणि गादीवाल्यांनीही ते काढलं नाही.

दोन-चार दिवसांत मेहुण्याने दुकानावर भलामोठा बोर्ड चढवला. त्यावर त्या दिवशीच्या शूटिंगमधला फोटो होता, वर शांत झोपलेली बायको आणि खाली तोंड वासलेले गादीवाले. 'शेजारी कोणीही असो, झोप लागणारच!' गादीवाल्यांना तो बघवेना, पण गिऱ्हाईक येऊ लागलं, म्हणून बोर्ड सहन केला.

एका सकाळी दुकान उघडायला गेले, तर गर्दी त्यांच्या दारात नव्हतीच. ती शेजारी होती. फरशीवाल्यानेही बोर्ड लावला होता. फोटो तोच, फक्त वरचा अर्धा भाग कापलेला. पांढऱ्याशुभ्र फरशीवर एकटे गादीवाले, आणि खाली ठळक अक्षरं, 'गादीवालेसुद्धा शेवटी आमच्याच फरशीवर झोपतात!'

गादीवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ते तरातरा आत शिरले.

"हा काय चावटपणा? आधी तो बोर्ड उतरवा!"

"तुमच्या शोकेसमध्ये पाटी नको म्हणालात, शेठ," फरशीवाला शांतपणे म्हणाला. "म्हणून मी माझ्या दुकानावर लावली."

गादीवाले आणखी काहीतरी जहाल बोलणार होते, तेवढ्यात आतून आवाज आला.

"अरे वा, बरं झालं तुम्हीच आलात!"

रेक्टरबाई होत्या. समोर फरश्यांचे नमुने मांडून बसल्या होत्या. "वसतिगृहाच्या हॉलला फरशी बघतेय. हे सगळ्याच चांगल्या म्हणतात. तुम्ही अनुभवी माणूस, तुम्हीच सांगा, कुठली घेऊ?"

गादीवाल्यांनी तोंड उघडलं. बोर्डाबद्दलच बोलायचं होतं त्यांना. पण मोठ्या ऑर्डरच्या बाई, त्यांनी एवढ्या विश्वासाने विचारलं, आणि सवय तरी कुठे जाते? ते खाली वाकले. दोन फरश्यांवरून हात फिरवला, तिसरीला क्षणभर गाल लावून पाहिला.

"ही घ्या, मॅडम," ते गंभीरपणे म्हणाले. "हिच्यावर कूस सहज बदलता येते."