गुणाची वाटणी

आमच्या लालबागच्या चाळीत तळमजल्याला डॉक्टर जयवंतांचा दवाखाना होता. तपासणी आणि दोन दिवसांचं औषध मिळून एक रुपया. सत्तावन्न साली चाळकमिटीने या रुपयाची गंभीर दखल घेतली. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जाऊन जाऊन आम्हांला ठरावांचा सराव झाला होता, आणि मुंबई मिळायला अजून अवकाश होता.

अध्यक्ष अण्णांचं म्हणणं, डॉक्टर पाच मिनिटं नाडी धरतात, आपण रुपयासाठी दोन तास गिरणीत साच्यावर उभे राहतो. सबब, रोगी बरा झाल्यावर गुण कुणामुळे किती आला हे कमिटीने ठरवावं आणि डॉक्टरांना तेवढंच द्यावं. ठराव एकमताने मंजूर झाला. डॉक्टरांना विचारलं नाही. तो पक्षपात झाला असता.

पहिली चौकशी धोंडूच्या तापाची. शेजारच्या राधाबाईंचा नवस, सहा आणे. बायकोने केलेली पेज, चार आणे. अण्णांनी सुचवलेला काढा, धोंडूने प्यायला नसला तरी, चार आणे. उरलेले दोन डॉक्टरांना. पुढे नव्वदीच्या चंपाआजी वारल्या, तेव्हा मात्र दोषाचे सोळाही आणे डॉक्टरांच्या नावावर टाकले गेले. बिनविरोध.

डॉक्टर मिळेल ते खिशात टाकून पुढचा रोगी तपासत.

मग एका सकाळी अण्णांच्याच छातीत कळ आली. डॉक्टर धावत आले, नळी लावून तपासलं. हातात सुई भरून तयार होती.

"माझे दोन आणे झाले," ते म्हणाले. "आता राधाबाईंना बोलवा."

राधाबाई दारातच होत्या. "माझा नवस सावकाश पावतो हो डॉक्टर. आधी तुमची सुई टोचा."

अण्णांनी हात जोडले. "सोळाच्या सोळा तुमचे, साहेब."

बोलणं संपायच्या आत सुई टोचून झाली होती. डॉक्टरांनी टॅक्सी करून त्यांना इस्पितळात नेलं आणि दिवसभर उशाशी बसले.

महिन्याने अण्णा आपल्या पायांनी सभेला आले. मी चिटणीस. वहीत डॉक्टरांच्या नावापुढे सोळा लिहायला टाक उचलला.

"थांब रे," अण्णा म्हणाले. "डॉक्टरला वेळेवर बोलवायची अक्कल कुणाची?"

अकलेला चौदा आणे पडले.

डॉक्टरांनी दवाखाना शिवाजी पार्कला हलवला. ते पैशाच्या मागे गेले, अशी आम्ही वहीत नोंद केली. ती वही माझ्याकडे आहे. खाली सह्यांना जागा उरली आहे. डॉक्टरांच्या फीबद्दल तुम्ही शेवटचं काय बोललात ते आठवा, आणि करा सही.