फाटकावरची अक्कल

एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो. लोकांना शहाणं करायचं असेल, तर शहाणपण लिहून लावावं लागतं. मी तेहेतीस वर्षं सरकारी कचेरीत मसुदे लिहिले. साहेब "जरा बघा" म्हणाले की मी दोन पानी परिपत्रक काढत असे. त्यामुळे निवृत्तीनंतर येरवड्याहून पुण्याबाहेरच्या मांजरी गावातल्या नव्या सोसायटीत राहायला आलो आणि वर्षभरात सेक्रेटरी झालो, याचं मला नवल वाटलं नाही. आमच्या हिला वाटलं. "दुसरं कोणी तयार नव्हतं," असं ललिता आजही सगळ्यांना सांगते.

आमच्या मोठ्या गेटशेजारी माणसांच्या ये-जा करण्यासाठी एक छोटं लोखंडी फाटक आहे. ते कधी बघावं तर उघडं! त्यातून शेजारच्या शेळ्या आत येत आणि हिरवं दिसेल ते खात. मार्चमध्ये त्यांनी ललिताचा गवती चहा मुळासकट संपवला. मी त्याच सकाळी पहिली सूचना लिहून फाटकावर चिकटवली :

"फाटक लावण्यास फारशी अक्कल लागत नाही. ज्यांना ती आहे त्यांनीही लावावे."

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे अभय दारात हजर.

"रतनराव, अक्कल कोणाची काढलीत?"

"कोणाचीच नाही. सर्वसाधारण सूचना आहे."

"म्हणजे सगळ्यांचीच काढलीत."

मुद्दा बरोबर होता. अक्कल हा शब्द तसा वाईट नाही, पण आपल्याकडे तो कौतुकानं वापरायची पद्धत नाही. "काय अक्कल आहे!" असं कोणी म्हणालं, तर घरात काहीतरी फुटलं आहे असं धरून चालावं. मी सूचना बदलली : "समजदार रहिवाशांनी फाटक लावून घ्यावे."

तिसऱ्या मजल्यावर शेफाली नावाची आयटीतली मुलगी राहते. तिनं सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, "काका, समज म्हणजे पोलीस देऊन सोडतात तीच ना? मग ही लास्ट वॉर्निंग आहे का?" खाली अठरा जणांनी हसरे चेहरे टाकले. मग मी 'तारतम्य' लावलं. त्यावर कोणीच हरकत घेतली नाही, कारण कोणाला ते कळलंच नाही. शेळ्यांनी त्या आठवड्यात जास्वंद संपवली.

'व्यवहारज्ञान' घरातच नामंजूर झालं.

"अहो, हा शब्द तेवढा तुम्ही लावू नका," ललिता म्हणाली.

"का?"

"लोक हसतील."

मे उजाडला. मी शब्दकोश काढला, दोन दिवस बसलो आणि चौथी सूचना तयार केली. भाषेच्या दृष्टीनं ती माझी सर्वोत्तम होती : "शहरात राहावयाचे असल्यास शहरी राहणीचे भान ठेवावे."

आता आमच्या सोसायटीची एक गोष्ट सांगायला हवी. ही इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती संभाजीरावांची. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते आणि त्यांच्या पत्नी सरुबाई राहतात. शेजारच्या तुकड्यात त्यांची विहीर आहे. नळाला पाणी जेमतेम अर्धा तास येतं, बाकी आमची बेचाळीस घरं त्या विहिरीवर चालतात. याचा करार नाही, कागद नाही. "शेजारी हाय, घ्या की," एवढ्यावर तीन वर्षं पाणी येत होतं. आणि शेळ्याही त्यांच्याच. खरं सांगतो, लिहिताना संभाजीराव माझ्या मनातही नव्हते. मनात फक्त 'भान' होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी कोरडी. विहिरीचा व्हॉल्व्ह बंद!

दिवस कुठला, तर बुद्धपौर्णिमेचा आदला. दुसऱ्या दिवशी येरवड्याहून आमचे तीस नातेवाईक खिरीला आणि जेवायला येणार होते. टँकरवाला चार दिवसांनंतरचं बोलत होता. घरात पिण्याचे दोन हंडे सोडले तर थेंब नव्हता.

"खाली जा आणि माफी मागा," ललिता म्हणाली.

"जातो. मसुदा करून घेतो."

मसुद्याला पाऊण तास लागला. ग्रुपवर चाळीस घरं माझ्या नावानं शिमगा करत होती, पण घाईत लिहिलेला कागद पुढे अडचणीत आणतो, हा माझा अनुभव आहे. खाली गेलो. संभाजीराव पलंगावर बसले होते, सरुबाई लसूण सोलत होत्या. मी उभ्यानं वाचायला लागलो. "उपरोक्त सूचनेमुळे आपला गैरसमज झाला असल्यास..."

"थांबा," संभाजीराव म्हणाले. "म्हंजी चूक आमचीच झाली म्हना की."

"तसं नाही. ही लिहायची पद्धत असते."

"आन् ते भान? जमीन आमची, पानी आमचं, आन् ऱ्हायचं कसं ते तुम्ही शिकवनार?"

खरोखर लाज वाटली. कागदाची दुसरी बाजू उलटून पाहिली, ती कोरीच होती.

तेवढ्यात ललिता रिकामी कळशी घेऊन आली. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

"वहिनी, ह्यांना लिहिता येतं, बोलता येत नाही. आमचं चुकलं. उद्या घरी तीस माणसं आहेत, पाणी सोडा. आणि तुम्ही दोघंही जेवायला यायचंय."

सरुबाईंनी लसूण बाजूला ठेवला. "एवढंच सांगायचं व्हतं तर कागुद कशाला आनला?" त्या उठल्या, विहिरीवर गेल्या आणि व्हॉल्व्ह फिरवला. पाऊण तासाच्या मसुद्यानं जे झालं नाही, ते कळशीनं अर्ध्या मिनिटात केलं.

तिथून परत येताना सरुबाई फाटकापाशी थांबल्या. त्यांनी ते लावलं आणि हात काढला. फाटक सावकाश आपोआप उघडलं. पुन्हा लावलं. पुन्हा उघडलं.

"बिजागरी खाली बसलीया," त्या म्हणाल्या. "कुनीबी लावलं तरी उघडनारच."

त्यांनी बांधकामाच्या ढिगातली एक वीट घेतली. तिथेच पडलेल्या सुंभाच्या दोरीचं एक टोक फाटकाला बांधलं, दोरी खांबावरच्या लोखंडी कड्यातून ओढून घेतली आणि दुसऱ्या टोकाला वीट लटकवली. फाटक उघडलं की वीट वर, सोडलं की वीट खाली आणि फाटक बंद. सगळं मिळून पाच मिनिटं. म्हणजे बेचाळीस घरांतली माणसं तीन महिने इमानदारीनं फाटक लावत होती, आणि मी त्यांची अक्कल, समज, तारतम्य आणि भान ओळीनं काढत होतो.

दुसऱ्या दिवशी पाणी होतं, खीर झाली, पंगत बसली. ललितानं दोघांना आग्रह करून वाढलं. संभाजीराव माझ्या शेजारीच होते. दुसऱ्या वाटीनंतर त्यांचा राग निवळला.

"रतनराव," ते म्हणाले, "तीन म्हैने त्या फाटकावर पाट्या लावल्या. एकदा तरी त्याच्याकडं नीट बघितलं व्हतं का?"

"बघितलं ना," मी म्हणालो. "दर वेळी बघत होतो, पाटी सरळ लागली आहे की नाही."